ज्वारीचा उतारा

एका मापट्याच्या नऊ भाकरी होतात. कडक भाकरी म्हणतेय मी, पातळ, ताटाएवढ्या. हे मला कुणी शिकवलं नाही. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हापासून तेच माप, तोच तवा आणि तोच हात, त्यामुळे तो आकडा कधीतरी अंगात बसला. आठवी भाकरी तव्यावर टाकली की परातीत उरतं ते बरोबर एकीचं असतं. बोटांना चिकटलेलं पीठसुद्धा तीत जातं.

मापटं म्हणजे धान्य मोजायचं जुनं भांडं. आमचं लोखंडी आहे, एका कडेला जरा चेपलेलं. शिगोशीग भरलं की त्यात अर्धा किलो पीठ मावतं. हे अर्ध्या किलोचं मला सुनेनं सांगितलं, तिनं ते दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहिलं म्हणून. तोवर मला मापटं म्हणजे मापटंच होतं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पाढे मात्र तिसापर्यंत पाठ आहेत, आणि कुणासमोर म्हणायचे नसले तर चुकत नाहीत.

ही वही सुनेची आहे, तिच्या कॉलेजातली. पुढच्या पानांवर कर्जरोखे, भागभांडवल असले शब्द आहेत. मागची पानं कोरी होती, म्हणून मी उलटी धरून मागून लिहिते. गेल्या हंगामात जे झालं ते अजून नीट आठवतंय तोवर लिहून ठेवावं म्हटलं.

आमच्या गल्लीत आम्ही पाचजणी मिळून कडक भाकरी करतो. मी, सून, शेजारची अक्का आणि समोरच्या घरातल्या दोघी सख्ख्या जावा. अक्का अक्कलकोटच्या पलीकडची. तिच्या बोलण्यात अधूनमधून कानडी येतं. मला ती तंगी म्हणते, म्हणजे धाकटी बहीण. जावा दोघी मिळून एक वाक्य बोलतात. थोरली सुरू करते आणि धाकटी संपवते.

सून मोहोळची. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तोवर आम्ही गल्लीतल्या लग्नाला, कुणाच्या प्रवासाला, अशा शंभर-पन्नास भाकरी करायचो. तिनं कुठं कुठं फोन करून श्रीपूरकडच्या एका साखर कारखान्याच्या कँटीनचं काम मिळवलं. हंगामात त्यांची माणसं दिवसभर उसाच्या फडात असतात, तिथं टिकणारी भाकरी पाहिजे. ज्वारी ते देणार, चांगली शाळू, पन्नास किलोचं एक पोतं. ती दळायची, भाकरी करायच्या, कडक करून परत द्यायच्या, आणि आम्हाला मजुरी. पहिलं पोतं नीट झालं तर पुढं हंगामभर.

एका दुपारी कारखान्याच्या भांडारातल्या साहेबांचा फोन आला. सुनेनं तो मोठ्यानं लावला, आम्हाला ऐकू यावा म्हणून.

"ताई, सगळं खरं," ते म्हणाले. "पण तुमच्या ज्वारीचा उतारा किती पडतो ते सांगा. तेवढं लिहून घेतो, म्हणजे दोन्हीकडं घोळ न्हाय."

सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी तव्याकडं बघितलं.

"उद्या सांगते की साहेब," ती म्हणाली.

उतारा हा शब्द मला माहीत होता, पण तो उसाचा. ऊस कारखान्यात जातो, साखर बाहेर येते. किती उसाला किती साखर, तो उतारा. ज्वारीलाही तो असतो हे मी पहिल्यांदा ऐकलं. मग भांडी घासताना मला वाटलं, असणारच की. शेंगा फोडल्या की दाणे किती, दाणे भाजून कुटले की चटणी किती, हे मी रोज बघतच होते. फक्त त्याला नाव आहे हे माहीत नव्हतं.

सून म्हणाली, "आत्या, आमाला कॉलेजात पण हेच हुतं. कर्जरोखा असतो ना, त्यो द्यायचा आणि त्याच्या बदल्यात शेअर घ्यायचे. एका रोख्याला किती शेअर, हे आदीच ठरवून लिवलेलं असतं. त्याला रूपांतराचं गुणोत्तर म्हणायचं. मागनं कुणाला बदलता येत न्हाय."

"आन शेवटी अर्धाच शेअर आला तर? आपला तुकडा पडतो तसा?"

ती हसली. "तुकड्याचे पैसे देतात."

"मग बरं हाय."

माझा मुलगा यंत्रमागाच्या कारखान्यात दुरुस्तीचं काम करतो. तो जेवता जेवता म्हणाला, "आमच्याकडं पण तेच. लहान चाकाला वीस दात, मोठ्याला साठ. मोठं एकदा फिरलं की लहान तीनदा. फरक एवढाच की चाक पीठ खात न्हाय." मला एवढं कळलं की प्रत्येकाच्या धंद्यात असा एक आकडा असतो आणि माणसं त्याच्यावर शब्द देतात.

सुनेला अंदाज चालत नाही. "करून बघू," ती म्हणाली. "एक घाणा करू आन मोजू."

एका वेळी मळायच्या पिठाला आम्ही घाणा म्हणतो. आमचा घाणा चार मापट्यांचा. त्याहून जास्त एकदम मळलं तर शेवटच्या भाकऱ्यांपर्यंत पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, थापताना कडा फाटतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीवर आधण ठेवत होते. एरवी पीठ मीच मोजायची, त्या दिवशी अक्का आत पिठाच्या डब्याशी बसून मापट्यानं परातीत पीठ घालत होती. सून उंबऱ्यात वही घेऊन बसलेली. तिनं विचारलं, "अक्का, किती झाली?" आतून अक्का म्हणाली, "चार." सुनेनं चार लिहिलं. मी पीठ मळलं, आम्ही सगळ्यांनी थापलं आणि भाजलं. दुरडीत मोजल्या तर भाकरी पंचेचाळीस.

छत्तीस व्हायला पाहिजे होत्या. मला ते लगेच कळलं. खरं म्हणजे मळतानाच मनगटाला कळलं होतं, परात रोजच्यापेक्षा जड होती. पण मला आपलं म्हणणं लगेच मांडता येत नाही. आधी वाटलं, जावांचा हात पातळ असेल. मग वाटलं, एवढ्या बायकांत आपण कशाला बोला. सून तर इतकी खूश झाली होती. तिनं तिथंच गणित केलं. चार मापटी म्हणजे दोन किलो, दोन किलोच्या पंचेचाळीस, म्हणजे पन्नास किलोच्या अकराशे पंचवीस. त्यातल्या पंचवीस तिनं गिरणीसाठी आणि तुकड्यांसाठी सोडल्या, आणि फोनवर सांगून टाकलं, "साहेब, उतारा अकराशे."

"शब्द पक्का?"

"पक्का की."

मी चूल सारवत राहिले.

पोतं आलं. दळून आणलं, सुनेनं ते परत काट्यावर घातलं आणि पिंपात ओतलं. गिरणीनं अर्धा किलो खाल्लं होतं, ते चालायचंच. घाणे होणार जवळजवळ पंचवीस. म्हणून तिनं वहीत पंचवीस चौकोन काढले, एक घाणा झाला की एका चौकोनात फुली. पीठ मोजून देण्याचं काम अक्काकडं, कारण तिला खाली बसून उठायला त्रास होतो आणि एकदा बसली की ती बसल्या जागी सगळं नीट करते.

दोन दिवस आमचं अंगण भाकरीनं भरलं होतं. चुलीच्या कडेला उभ्या केलेल्या, दोरीवरच्या धुतलेल्या लुगड्याखाली सावलीत मांडलेल्या, सुपात, पाटीत, खाटेवर. वाजवून बघितलं की टणटण बोलायच्या. गल्लीतल्या कुत्र्यानं एक नेली. थोरली जाऊ म्हणाली, "त्यालाबी कळलं, कारखान्याचा माल..." आणि धाकटी म्हणाली, "...म्हणून हळूच उचलला." खूप हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी विसावा घाणा जेमतेम झाला आणि पिंप रिकामं. वहीत पाच चौकोन कोरे.

सुनेनं पिंपात वाकून बघितलं. मग भाकरी मोजल्या, दोनदा मोजल्या. आठशे नव्वद.

"दोनशे दहा कमी," ती म्हणाली. "आन पाच घाण्यांचं पीठ न्हाय. दहा किलो हुतं त्ये. वजन करून वतलंय मी."

अक्का तेव्हा मागं नळावर हात धूत होती. थोरली जाऊ पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मापटं तर अक्काच्याच हातात..."

"...हुतं, दोनी दिवस," धाकटी म्हणाली.

"आमी काय म्हणत न्हाय."

"बगितलेलं सांगतोय."

मला त्या वेळी म्हणता आलं असतं की अक्का माझ्या लग्नापासून शेजारी आहे, माझ्या बाळंतपणात तिनं माझं घर सांभाळलं. माझ्या तोंडातून काहीच आलं नाही. अक्का पदराला हात पुसत आली. आमची तोंडं बघून ती उभी राहिली. मग तिनं मापटं उचललं, पिंपाच्या झाकणावर उपडं ठेवलं आणि घरी गेली. तिचा चहा तसाच कपात राहिला. इतक्या वर्षांत अक्का आमच्याकडचा चहा सोडून कधी गेली नव्हती.

सून माझ्याजवळ येऊन बसली. "आत्या, उद्या दुपारी टेंपो येणार. साहेबाला काय सांगू? ज्वारी खाल्ली म्हणतील की. माझा शब्द गेला तर गेला, पण अक्काचं नाव गल्लीभर व्हईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आली नाही. मी घरापुरतं एक मापटं पीठ घेतलं, मळलं, भाकरी केल्या. आठवी तव्यावर टाकली आणि परातीत बरोबर एकीचं उरलं. दुरडीत नऊ. त्या नऊ बघताना शाळेत म्हणायचो त्या चालीत पाढा आपोआप आला. नऊ एके नऊ, नऊ दुणे अठरा, नऊ त्रिक सत्तावीस. नऊ चोक छत्तीसला मी थांबले. मग नऊ पंचे पंचेचाळीस.

पाच. परातीत त्या दिवशी पाच मापटी होती, चार नाही. पहिल्याच दिवशी हे मला माहीत होतं, फक्त मी पाढा पुढं म्हटला नव्हता.

अक्का मोजते कशी ते बघायला मी मापटं आणि रिकामी पाटी घेतली आणि तिच्या घरी गेले. ती दारात तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं नाही.

"अक्का, चार मापटी पीठ दे की. आमचं संपलं."

"माझ्याकडं मागतीस?" ती म्हणाली. "बरोबर हाय. काल दहा किलो माझ्याच घरात आलंय न्हवं."

"मी तसं म्हटलं न्हाय."

"गप बसलीस की, तंगी. जावांचं काय, त्या बोलतात आन इसरतात. तू गप बसलीस."

पण पिठाला आलेल्या बाईला अक्का परत पाठवत नाही. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, डबा ओढला आणि मोजायला लागली. पहिलं मापटं पाटीत ओतलं.

"लाभ," ती म्हणाली.

धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. माझ्या माहेरीही तसंच. मी मनात म्हटलं, लाभ.

अक्कानं दुसरं ओतलं. मी मनात म्हटलं, दोन.

"एक," अक्का म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिनं तिसरं ओतलं, दोन म्हटलं. चौथ्याला तीन. पाचव्याला चार म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

मला हसू आलं. आधी नुसतं आलं, मग थांबेना. मी पाटीशी खालीच बसले.

"हसतीस का?"

"अक्का, लाभ तू मोजत न्हाईस?"

"लाभ कोण मोजतं गं? त्यो देवाचा. देवाचं माप आपल्यात कसं धरायचं?"

"आमच्याकडं लाभ म्हणजेच एक. त्याच्या मागनं दोन."

अक्कानं तोंडाला पदर लावला. जरा विचार केला. "म्हणजे तुमी देवाचं नाव घिऊन आपलंच मोजता," ती म्हणाली. "आन चोर मी."

मग तीही हसली. पण हसून झाल्यावर तिनं परत तांदूळ जवळ ओढले. मी उठले नाही. मी म्हटलं, "अक्का, पहिल्या दिवशीच परात जड लागली हुती मला. पंचेचाळीस आल्या तवाच बोलाय पायजे हुतं. माझं चुकलं. चल."

"चा ठेवलाय का?"

"ठेवते की."

अंगणात आल्यावर मी सगळ्यांसमोर अक्काला परत मोजायला लावलं. ती मोजत होती, मी मातीत बोटानं एकेक रेघ ओढत होते. अक्का चार म्हणाली तेव्हा रेघा पाच. सून वही घेऊन खाली बसली. पाच मापटी म्हणजे अडीच किलो, अडीच किलोच्या पंचेचाळीस, एका किलोच्या अठरा. साडेएकोणपन्नास किलोच्या आठशे एक्क्याण्णव. "आन एक कुत्र्यानं न्हेली," ती म्हणाली. आकड्याखाली तिनं दोन रेघा ओढल्या. "आत्या, एक चिमूट पीठ कुटं गेलेलं न्हाय. माझ्याच चौकोनांत चूक हुती. अक्काचा घाणा मोठा, म्हणून वीसच झाले."

थोरली जाऊ म्हणाली, "आमी कुटं काय..."

"...म्हटलं हुतं," धाकटी म्हणाली.

"व्हय, तुमी बगितलेलं सांगत हुता," अक्का म्हणाली, आणि धाकटीच्या हातातला कप काढून घेऊन चहा प्याली.

पण साहेबांना अकराशे सांगितलेले होतेच. दुपारी टेंपो आला तर त्यात ते स्वतः बसून आलेले. जाडसर, हातात वही. त्यांनी भाकरी भरलेली पोती बघितली आणि विचारलं, "अकराशे भरल्या का?"

सून वहीची कड नखानं कुरतडत उभी राहिली. तिचा चेहरा बघून मला राहवेना. परक्या पुरुषाशी मी कधी आपणहून बोललेली नाही. पोस्टात गेले तरी मुलगा बोलतो. मी चुलीपासून उठले, पदर सारखा केला आणि म्हणाले, "साहेब, आमचा उतारा आठशे नव्वद हाय. अकराशे सांगितला ती चूक माझी. मला ठावं हुतं, मी बोलले न्हाय. पोरीचा शब्द खोटा न्हाय आन अक्काचा हात बी खोटा न्हाय."

पण ते काही रागावले नाहीत. "कसं काय, सांगा बरं," म्हणून ते खाटेवर बसले. सुनेनं सगळं समजावलं. त्यांना पटेना, तेव्हा अक्कानं परत मापटं घेतलं. लाभ, एक, असं ती म्हणाली आणि ते मध्येच म्हणाले, "थांबा थांबा. लाभच्या मागनं दोन की, आजी."

"साहेबाकडं बी देवाला काय न्हाय," अक्का म्हणाली.

ते इतके हसले की टेंपोवाला डोकावून गेला. मग वही उघडून म्हणाले, "हे बगा, आमच्या कारखान्यात उतारा कमी पडला की आमी पयला काटा तपासतो. मग उसाला बोल लावायचा. तुमी उलटं केलं." हे ते सगळ्यांकडं बघून म्हणाले, पण जावांनी खाली बघितलं. त्यांनी अकराशेवर रेघ मारली आणि आठशे नव्वद लिहिलं. "आता पुडच्या पोत्याला एवढाच आला पायजे. कमी आला तरी विचारीन आन जास्त आला तरी विचारीन. जास्त म्हणजे भाकरी बारीक केली."

जाताना त्यांनी एक भाकरी मोडून खाल्ली आणि तुकडा हातात धरून म्हणाले, "ही धरू नका. आठशे एकोणनव्वद घिऊन चाललो."

हंगामभर पोती येत राहिली. एकदा आठशे पंच्याऐंशी झाल्या, एकदा आठशे चौऱ्याण्णव, त्याच्या बाहेर कधी नाही. सून आता शब्द द्यायच्या आधी मला विचारते, "आत्या, मनगटाला काय वाटतंय?" आणि मी सांगते.

पीठ अजून अक्काच मोजते. सुनेनं तिला लाभला एक म्हणायला सांगून बघितलं, अक्कानं ऐकलं नाही. मग आम्ही तडजोड केली. अक्का तीन म्हणाली की थांबायचं, ते चार असतात. मी सुनेला म्हटलं, "म्हणजे अक्काचं आन आमचं असं एक गुणोत्तरच झालं की."

"गुणोत्तर न्हाय आत्या," ती म्हणाली. "ही नुसती बेरीज हाय. अक्काच्यात एक मिळवायचा."

तेवढ्यानं अक्काचं समाधान होत नाही, माझंही नाही. म्हणून ती आतून लाभ म्हणाली की मी चुलीपाशी बसून एक म्हणते, ती एक म्हणाली की मी दोन म्हणते. तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणावं लागतं. परवा थोरली जाऊ भाकरी थापता थापता मला म्हणाली, "तुमचा आवाज एवढा..."

"...आमाला ठावंच न्हवतं," धाकटी म्हणाली.

मी चार म्हटलं आणि परात पुढं ओढली.